मॅड्रिगाल गायचंय? लॉरिडसनच्या 'मॅद्रिगाली'ची तयारी, नवख्यांसाठी

परदेशात आल्यावर गावातल्या हौशी कॉयरमध्ये (समूहगान मंडळात) नाव घातलंत, पहिल्या तालमीला गेलात आणि हातात 'मॅद्रिगाली' नावाचा जाडजूड स्कोअर (सगळ्या आवाजांचं छापील नोटेशन) पडला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विशेषतः तुम्ही घरी हिंदुस्थानी गाणं शिकला असाल, पेटी-तानपुऱ्यावर वाढला असाल आणि चार आवाजांत गायची ही पहिलीच वेळ असेल तर. मी त्याच वाटेने आलेली ऑल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतली गायिका, आहे. इथे जे लिहितेय ते मला तालमीत कुणी बसवून सांगितलं नाही, कारण बाकीच्यांना ते शाळेपासून माहीत होतं.

आधी रचना काय आहे ते थोडक्यात. मॅड्रिगाल म्हणजे कवितेवर बांधलेलं, अनेक आवाजांत गायचं जुनं इटालियन गाणं; 'मॅद्रिगाली' हे त्याचंच इटालियन अनेकवचन. मॉर्टन लॉरिडसन हा अमेरिकन संगीतकार, जन्म १९४३. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यानं कित्येक दशकं संगीतरचना शिकवली. १९८७ साली त्यानं इटालियन रेनेसाँ काळातल्या सहा प्रेमकविता घेतल्या आणि त्या वाद्यांच्या साथीशिवाय, निव्वळ आवाजांसाठी बांधल्या. सहाही कवितांत आग आहे, जळणं आहे, म्हणून उपशीर्षक 'फायर साँग्ज'. सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत-बाहेर. कानाला गोड लागतं, आणि म्हणूनच फसायला होतं: गोड आहे म्हणजे सोपं असेल असं वाटतं.

माझं म्हणणं एकच, आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं: ही रचना शब्दांतून शिका. सुरांनी सुरुवात केलीत तर सूर येतील, गाणं येणार नाही.

काय काय लागेल

- स्वतःच्या नावाने घेतलेला स्कोअर (फोटोकॉपी नाही)
- मऊ शिशाची पेन्सिल आणि खोडरबर. पेन अजिबात नको
- फिकट रंगाचं हायलाइटर
- पेटी, कीबोर्ड किंवा फोनवरचं पियानोचं अ‍ॅप
- मेट्रोनोम (लय धरून ठोके देणारं यंत्र), हाही फोनवर चालतो
- काळं फोल्डर, कार्यक्रमासाठी
- कॉयरचा नावनोंदणीचा फॉर्म, हंगामाची वर्गणी आणि बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगला संमती देणारा कागद
- पाण्याची बाटली

## १. ऑडिशनला घाबरू नका

हौशी कॉयरची ऑडिशन बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत आटपते. तुमचा आवाज खाली-वर कुठपर्यंत जातो ते बघतात, पियानोवर दोन-चार स्वर वाजवून म्हणायला लावतात, कधी चार ओळी बघून गायला सांगतात. नोटेशन वाचता येत नसेल तर तसं सरळ सांगा. कान तयार असलेला माणूस त्यांना हवाच असतो, वाचन मागाहून येतं.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या: तुम्हाला कुठल्या सेक्शनमध्ये (वरच्या आवाजापासून खाली: सोप्रानो, ऑल्टो, टेनर, बेस) टाकलंय आणि त्यातही पहिल्या की दुसऱ्या. या रचनेत सेक्शन जागोजागी दुभंगतात. 'सोप्रानो' एवढंच कळून घरी गेलात तर नेमकी कुठली ओळ गायची हा घोळ पुढच्या तालमीपर्यंत राहतो.

## २. आधी जुनं ऐका

लॉरिडसनने हे सगळं हवेतून काढलेलं नाही. मॅड्रिगाल हा प्रकार इटलीत १५२०-३०च्या दशकांत रुजला आणि पुढची शंभर वर्षं तिथल्या दरबारांत, श्रीमंतांच्या घरांत गायला गेला. एका आवाजाला एक माणूस, सगळे टेबलाभोवती बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्या ओळीची छोटी पुस्तिका. दुसरा काय गातोय ते कागदावर दिसायची सोयच नव्हती, ऐकावं लागायचं. श्रोते असले तर असले. गाणं मुळात गाणाऱ्यांसाठी होतं.

त्या लोकांचा आवडता खेळ म्हणजे शब्दाचं चित्र सुरात काढणं. 'उसासा' शब्द आला की मध्येच विश्राम, म्हणजे गाणाऱ्याचा श्वास खरंच तुटतो. 'आकाश' आलं की सूर वर. काही जण तर छापील पानावरच गंमत करायचे: 'डोळे' या शब्दावर दोन गोल, पोकळ स्वर शेजारी शेजारी, 'रात्र' आली की काळे भरीव. ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही, ते फक्त गाणाऱ्याच्या डोळ्यांना. लॉरिडसनने ही सगळी तंत्रं मुद्दाम उचलली आहेत. समोर त्यानं ठेवले होते प्रामुख्याने त्या काळातले दोन इटालियन संगीतकार, क्लाउदिओ मॉन्तेव्हेर्दी आणि कार्लो जेझुआल्दो.

जेझुआल्दो व्हेनोझाचा राजपुत्र होता आणि १५९० साली त्यानं बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून केला. ही गोष्ट तुम्हाला तालमीच्या चहाच्या वेळी कुणीतरी सांगेलच. त्यापेक्षा त्याचे सूर ऐका. एका स्वरसंघातून (एकदम लागणाऱ्या स्वरांच्या गटातून) दुसऱ्यात तो अशा उड्या मारतो की चारशे वर्षांनंतरही दचकायला होतं.

ऐकायची सोपी योजना सांगते. लॉरिडसनचं पाचवं गाणं 'लूची सेरेने ए क्यारे'. हीच कविता जेझुआल्दोने मॅड्रिगालांच्या चौथ्या पुस्तकात (१५९६) आणि मॉन्तेव्हेर्दीने त्याच्या चौथ्या पुस्तकात (१६०३) बांधली आहे. तिन्ही लागोपाठ ऐका. मग सहावं गाणं, 'से पेर आव्हेर्व्ही, ओइमे'. हे मॉन्तेव्हेर्दीच्या पहिल्या पुस्तकात आहे, १५८७ सालच्या, तो विशीचा असतानाच्या. लॉरिडसनचं १९८७चं. बरोबर चारशे वर्षं. मॉन्तेव्हेर्दीसाठी कॉन्चेर्तो इतालियानो किंवा ला व्हेनेक्सियाना या गटांची रेकॉर्डिंग बघा. लॉरिडसनसाठी स्टीफन लेटनच्या पॉलीफनी कॉयरचं २००५चं हायपेरिअन कंपनीचं रेकॉर्डिंग.

सापळा: रेकॉर्डिंगवरून पार्ट पाठ करू नका. ऐकून उचलायची आपली सवय इथे नडते. कान आपोआप वरच्या आवाजाला चिकटतो, आणि ऑल्टो नाहीतर टेनर असून तुम्ही सोप्रानोची चाल गुणगुणायला लागता. ती एकदा डोक्यात बसली की तिथून निघत नाही.

## ३. स्कोअर विकत घ्या आणि तो रंगवा

मॉन्तेव्हेर्दी, जेझुआल्दो यांचे स्कोअर सीपीडीएल आणि आयएमएसएलपी या संकेतस्थळांवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. लॉरिडसनचे नाहीत, ते स्वामित्वहक्काखाली आहेत. कुणी पाठवलेली पीडीएफ छापून आणलीत तर चांगला कंडक्टर (कॉयरचा संचालक) तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि ते बरोबर आहे. सहाही गाण्यांचा संच मिळतो, काही गाणी सुटीही मिळतात. घेताना नीट बघा, नाहीतर एकच गाणं हातात येतं.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फक्त तुमची ओळ हायलाइटरने रंगवणं. सेक्शन दुभंगतो तिथे तुमचा स्वर वरचा की खालचा ते पेन्सिलीने लिहा. टेनरनी लक्षात ठेवावं की त्यांच्या ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हाखाली बारीक आठ असतो. म्हणजे लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली गायचं.

मग प्रत्येक प्रवेशाआधी लिहून ठेवा: माझा पहिला स्वर मला कुणाकडून मिळतो? 'बेसचा शेवटचा', 'सोप्रानो दोनच्या एक स्वर खाली', असं काहीही चालेल. साथीला वाद्य नसल्यामुळे सूर देणारं दुसरं कुणी नाही. माझ्या मते स्कोअरवर लिहिण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. कंडक्टरकडे बघायलाच हवं अशा जागी कॉयरवाले छोटा चष्मा काढतात. तुम्हीही काढा.

## ४. शब्द आधी बोला

आता मुख्य काम. पेटी बंद. कविता आधी नुसत्या वाचायच्या, मोठ्याने, अर्थ समजून.

मराठी माणसाला इथे चांगला हात मिळतो. आपला त आणि द दातांना लागतो, इटालियनचाही तसाच. आपण प, त, क हकार न मिसळता म्हणतो, त्यांनाही तेच हवं. माझ्या शेजारची मंडळी हे जमवायला तोंडापुढे कागद धरून सराव करतात, कागद हलला नाही पाहिजे म्हणून. आपला कागद हलतच नाही. र तर आपला तयारच.

च मात्र बघून म्हणा. 'दोल्चे', 'लूची', 'चेलो' यांतला च चिमणीतला, चाकातला नव्हे. उलट पहिल्या गाण्यात 'ग्रात्सिया' येतं, तिथे चाकातल्या चच्या जवळचा उच्चार लागतो. जोडाक्षरं खरी जोडून म्हणा: 'पेत्तो'मधला त्त आपल्या 'पत्ता'सारखा, 'फ्याम्मा'त म्म दुहेरी. व्ह म्हणताना वरचे दात ओठाला टेकलेच पाहिजेत. आपल्या सैल 'व'ने 'व्होई' म्हटलंत तर शब्द विरघळून जातो. आणि शेवटचा स्वर गिळू नका. 'घर', 'वाट' असं म्हणायची सवय असलेल्या जिभेला 'कोरे'चा ए आणि 'फोको'चा ओ पूर्ण लांबीने म्हणायला शिकवावं लागतं.

संधी हा तर आपला जुनाच विषय. पहिल्या गाण्यात कवी विचारतो, हा कुठला पडदा समोर आला ज्यानं आकाश अंधारं केलं? त्यातले तीन-चार शब्द छापताना अपॉस्ट्रॉफीने जोडलेत. सुटे वाचायला गेलात की अडखळता. 'रेन्दोस्कूरील चेलो' असं एका दमात म्हटलं की बसतं. एका स्वरावर दोन स्वरवर्ण आले की कुठला लांबवायचा हे कंडक्टर ठरवतो. तो सांगेल ते पेन्सिलीने अधोरेखित करा. जुन्या लेखनातला 'एत' (आणि) नुसता 'ए' म्हणायचा की 'एत', हेही त्यालाच विचारा. प्रत्येक कॉयरचा निर्णय वेगळा असू शकतो, आणि निम्मे असं नि निम्मे तसं म्हणाले की ऐकणाऱ्याला नेमकं तेवढंच ऐकू येतं.

अर्थाचं एक उदाहरण देते. चौथं गाणं 'इओ प्यांगो', म्हणजे 'मी रडतो'. कविता म्हणते: दुःख मला रडवतं, कारण या जळण्यावर दुसरा उपाय मला सापडत नाही; पण जितकं रडतो तितकी वेदना कमी होते. आणि शेवट: गप्प राहणं मला मरण देतं, रडणं जीवन. आता ओळीत 'ताचेर' (गप्प राहणं) कुठे येतं आणि 'प्यांजेर' (रडणं) कुठे, हे माहीत नसताना तुम्ही तिथली आवाजाची चढ-उतार कितीही काटेकोर पाळा, ती 'मोठं' आणि 'लहान' एवढीच राहते. सहा गाण्यांची बांधणी कमानीची आहे आणि कमानीचा माथा या चौथ्या गाण्यात आहे. म्हणून मी नवख्यांना सुचवते की घरचा अभ्यास त्याच्यापासून करू नका. 'लूची सेरेने'पासून करा. त्याची कविता लहान, चाल मोकळी.

## ५. अग्निस्वरसंघ: पेटीवर चार पट्ट्या

लॉरिडसनने या रचनेसाठी एक स्वरसंघ ठरवला आणि त्याला 'फायर कॉर्ड' म्हटलं. पहिल्या गाण्याची सुरुवात त्यानंच होते आणि पुढे सहाही गाण्यांत तो रूपं बदलून येत राहतो. पाश्चात्त्य भाषेत बी-फ्लॅट मायनर, त्यात वर सी मिसळलेला. आपल्या भाषेत याहून सोपं: काळी पाचला सा माना, मग सा, शुद्ध रे, कोमल ग आणि पंचम.

पेटी उघडा. काळी पाच, तिच्यापुढची पांढरी एक, काळी एक आणि पांढरी चार. चारही एकदम दाबा आणि भाता चालू ठेवा. मायनरचा उदासपणा तर आहेच, पण आत काहीतरी खरचटतंय. ते रे आणि कोमल ग, एकमेकांपासून फक्त अर्ध्या स्वरावर. आगीची धग तिथे आहे.

आता रे सोडा, बाकी तीन दाबून ठेवा आणि रे स्वतः गा. तुम्हाला जाणवेल की आवाज आपसूक वर ग कडे किंवा खाली सा कडे ओढला जातो, कारण तिथे आराम आहे. जाऊ देऊ नका. मग ग सोडून ग गा, मग पंचम, मग सा. चारही जागा तुमच्या झाल्या की तालमीत कुठल्याही जागी उभं राहता येतं.

सापळा: शेजारचा 'बेसूर' वाटतोय म्हणून त्याच्याशी जुळवून घेणं. तो बेसूर नाही, तो रे आहे आणि तुम्ही ग. दोघांनी एकच स्वर धरलात की आगच विझते. यासाठी आवाजात कंपन जवळजवळ नको. दोघांचे सूर थरथरले की अर्ध्या स्वराचं अंतर कुणालाच ऐकू येत नाही.

## ६. षड्ज हलतो, त्याच्याबरोबर हला

आपलं सगळं गाणं एका पक्क्या षड्जावर उभं असतं. इथे जमीन दर काही ओळींनी सरकते. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून अख्खं गाणं म्हणायचा प्रयत्न केलात तर दुसऱ्या पानावरच भांडण सुरू होईल. सुरुवातीच्या स्वरसंघापुरतं अ‍ॅप उत्तम, पुढे बंद करा.

मला उपयोगी पडलेली युक्ती मूर्च्छनेची. जिथे स्वरसंघ बदलतो तिथे पेन्सिलीने 'सा = एफ' किंवा जो काही नवा आधार असेल तो लिहा आणि पुढची ओळ त्या नव्या सा वरून सरगममध्ये म्हणा. पुढचं अवघड अंतर मग परकं राहत नाही. सरगममध्ये बसली की ओळ शब्दांवर न्या, आणि सरगम विसरा.

मींड सोडा. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत गेलं की आपल्याला ते गाणं वाटतं. बाजूच्या दहा जणांबरोबर तेच केलं की चिखल होतो. स्वर थेट लावायचा. कण, मुरकी, आंदोलन हे सगळं दारात काढून ठेवायचं. याचा त्रास होतो, मलाही झाला, कारण ओळ कोरडी वाटते. तिथे शब्द कामाला येतात: रस अलंकारातून न आणता व्यंजनांतून आणायचा.

सम शोधत बसू नका. मात्रांची मोजणी मध्येच बदलते आणि आघात शब्दाच्या मागे जातो. हात मांडीवर ठेवून मोजायचं असेल तर घरी मोजा.

## ७. तालमीत

बसण्याची जागा आधी विचारा. लोकांच्या खुर्च्या ठरलेल्या असतात आणि त्या प्रेमाने राखलेल्या असतात. शक्य झालं तर वाचन पक्कं असलेल्या माणसाच्या पुढे बसा, मागे नको. आवाज मागून कानात येतो.

लांब ओळींत सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो, आळीपाळीने घ्यायचा असतो. शेजारी कुठे घेतोय ते बघा आणि तुम्ही दुसरीकडे घ्या. घेताना शब्द तोडू नका. आवाज हळूच काढून घ्या आणि परत हळूच आत या. स्वल्पविरामावर घ्यायचा मोह टाळा, कारण सगळे तिथेच घेतात.

सूर उतरणं हा साथीशिवाय गाणाऱ्या प्रत्येक कॉयरचा आजार. गाणं संपल्यावर कंडक्टर पियानोची पट्टी दाबतो आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. उपाय कंटाळवाणा आहे: खाली येणारे स्वर जरा आखडून घ्या, वर जाणारे मोकळे सोडा, आणि एकच स्वर पुन्हा पुन्हा आला तर दर वेळी तो नव्याने लावतोय असं समजून लावा. दमलेलं शरीर आधी सुरात दमतं, म्हणून पाठ सरळ.

चुकलात तर हात वर करतात, माफी मागत नाहीत. हात वर म्हणजे 'माझं मला कळलंय, थांबवू नका'. ही पद्धत मला फार आवडते.

## ८. कार्यक्रमाच्या दिवशी

काळे कपडे, आणि अंगावर वाजणारं काही नको, बांगड्या घरी. अत्तर नको, शेजाऱ्याचा घसा बसतो. फोल्डर छातीच्या उंचीवर, नजर त्याच्या कडेवरून कंडक्टरकडे. पहिला स्वर पियानोवर किंवा पिच पाइपवर (सूर देणाऱ्या छोट्या शिट्टीवर) एकदाच देतील, तो मनात धरून ठेवा, गुणगुणू नका. गाण्यांच्या मधे टाळ्या नसतात, त्यामुळे पान उलटायचा आवाजही ऐकू जातो. पानांचे कोपरे आधीच दुमडून ठेवा.

## ९. गोडी लागली तर

भारतात परतणार असाल तर मुंबईत परांजोती अकॅडमी कोरससारखी जुनी परंपरा आहे, आणि गोव्यात चर्चच्या पॅरिश शाळांतून सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) शिकलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या चार आवाजांत गात आली आहेत. तिथे तुम्हाला साथीदार मिळतील.

कॉयर नसेल तर चार जण पुरतात. जाक अर्काडेल्ट या जुन्या संगीतकाराच्या १५३९च्या पहिल्या पुस्तकातलं मरणाऱ्या हंसाचं मॅड्रिगाल, 'इल ब्यांको ए दोल्चे चिन्यो', चार आवाजांचं आहे, सीपीडीएलवर फुकट आहे आणि नवख्यांच्या आवाक्यातलं आहे. विसाव्या शतकातला संगीतकार लिगेटी याच्या 'नॉन्सेन्स मॅड्रिगाल्स'च्या वाटेला इतक्यात जाऊ नका. ती किंग्ज सिंगर्स या ब्रिटिश गायकगटाच्या सहा कसलेल्या गळ्यांसाठी लिहिली आहेत. अर्काडेल्ट घ्या, टेबलाभोवती बसा, आधी कविता वाचा. चौथा माणूस मिळाला नाही तर बेसची ओळ पेटीवर वाजवा, काम भागतं.